चित्रफितीची तेरीज

पेढीवर तेरीज जुळत नसली, की अनुभवी मुनीम प्रथम हातातील लेखणी खाली ठेवतो. फरक दिसताच एखादा आकडा खोडून दुसरा लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे मूळ चूक जागच्या जागी राहते आणि तिच्या सोबतीला दुसरी येऊन बसते. म्हणून तो आधी फरकाची रक्कम न्याहाळतो. त्या रकमेस ९ ने निःशेष भाग जात असेल, तर कुठेतरी ५४० ऐवजी ४५० लिहिले गेले असावेत, अशी शंका त्यास येते. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी तंतोतंत जुळत असेल, तर ती नोंद जमेऐवजी नावे पडली असावी, असे तो ताडतो. चूक तेरजेत दिसते. पण ती झालेली असते खतावणीत, कीर्दीत अथवा मूळ पावतीत. मागे मागे जात तिचे उगमस्थान गाठणे, हेच त्याचे कसब.

व्यापारी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली ही शिस्त आता एका अगदी निराळ्या कामात उपयोगी पडू लागली आहे. बीड–परळी रस्त्यावरील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावीही लग्नाची निमंत्रणे, दुकानाच्या वर्धापनदिनाच्या जाहिराती आणि क्षमापनेचे संदेश चित्रफितीच्या रूपाने मोबाईलवर फिरतात. कुठे फोटो स्टुडिओतील तरुण हे ‘मिक्सिंग’ करून देतो, तर कुठे घरचाच मुलगा किंवा सून संगणकापुढे बसते. अ‍ॅडोब कंपनीचे आफ्टर इफेक्ट्स व प्रीमियर प्रो, विनामूल्य आवृत्तीतही मिळणारे दा विंची रिझॉल्व्ह आणि पूर्णतः विनामूल्य असलेले ब्लेंडर, अशी साधने त्यांच्या हाताशी असतात. काम रंगात आले असता, नेमके आदल्या रात्री, अक्षरे तुटतात, चित्र लुप्त होते, आवाज ओठांच्या मागे रेंगाळतो किंवा शेवटची फीत तयार होता होता यंत्र थांबते. मग घाईघाईने दहा बटणे दाबली जातात आणि दुरुस्त होण्याजोगे कामही हातचे जाते.

या कामाचे स्वरूप आधी समजून घ्यावे. एकावर एक ठेवलेल्या काचा डोळ्यांपुढे आणाव्यात. सर्वांत खालच्या काचेवर दुकानाचे छायाचित्र, तिच्यावर आजोबांची आकृती, त्यावर फुलांची वेलबुट्टी आणि सर्वांत वर अक्षरे. वरून पाहणाऱ्यास एकच चित्र दिसते. या काचांना संगणकाच्या भाषेत लेयर म्हणतात. अनेक लेयर मिळून एक दृश्य घडविणे म्हणजे कंपोझिटिंग, आणि त्यांतील अक्षरांना व आकृत्यांना गती देणे म्हणजे मोशन ग्राफिक्स.

हे तंत्र संगणकासोबत जन्मलेले नाही. आफ्टर इफेक्ट्सची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये निघाली; परंतु त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी त्याच्या कितीतरी आधी हे काम कॅमेऱ्यातच केले होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी एक छोटी फीत तयार केली. रोपापुढे कॅमेरा रोवून ठराविक अंतराने एकेक चित्र टिपायचे आणि ती सर्व चित्रे सलग दाखवायची, ही तिची युक्ती होती. १९१७ चे ‘लंकादहन’ आणि १९१९ चे ‘कालिया मर्दन’ यांतील चमत्कार पाहून प्रेक्षक थक्क होत असत. त्या काळी दोन दृश्ये एकत्र आणण्यासाठी भिंगापुढील काही भाग काळ्या आवरणाने झाकून पहिले चित्रण करीत, फिल्म मागे गुंडाळीत आणि उरलेल्या भागावर दुसरे चित्रण करीत. तिवई केसभर हलली किंवा फिरक्या मोजण्यात चूक झाली, तर दोन्ही चित्रणे वाया जात; आणि ते कळे मात्र फिल्म धुतल्यानंतरच. केलेली कृती मागे घेण्याची सोय नसल्यामुळे त्या कारागिरांची सारी भिस्त पूर्वतयारीवर आणि नोंदींवर असे. आज कृती मागे घेता येते. म्हणूनच कदाचित पूर्वतयारी मागे पडली आहे.

दोष शोधण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे. पहिली पायरी म्हणजे कामाच्या फाईलची नव्या नावाने प्रत करून त्या प्रतीवरच उपचार करणे. मूळ फाईलला हात लावू नये. दुसरी पायरी म्हणजे दोष शब्दांत लिहून काढणे. ‘व्हिडिओ बिघडला’ ही तक्रार झाली. ‘बाराव्या सेकंदाला अक्षरांभोवती पांढरी कड दिसते आणि प्रत्येक वेळी तिथेच दिसते’ हे निदानाच्या उपयोगी पडणारे वाक्य झाले. तिसरी पायरी म्हणजे एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळत नाही.

चौथी पायरी निम्मे करण्याची आहे. समजा, दृश्यात ३२ लेयर आहेत आणि त्यांपैकी एक सदोष आहे. एकेक तपासत गेल्यास ३१ वेळा पाहावे लागण्याची शक्यता असते. त्याऐवजी १६ लेयर बंद करावेत. दोष नाहीसा झाला, तर तो बंद केलेल्यांत आहे. तसाच राहिला, तर उरलेल्यांत. पुढे १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २ आणि २ चा १. अशा रीतीने पाच तपासण्यांत अपराधी सापडतो. मात्र जे लेयर एकमेकांवर अवलंबून असतात, उदाहरणार्थ एखादी आकृती आणि तिला कापणारे आवरण, ते एकत्रच चालू किंवा बंद करावेत. वर्षभराच्या नोंदींत फरक शोधताना आधी सहामाही, मग तिमाही आणि मग महिना पाहतात, त्याहून हे निराळे नाही.

आता नेहमी भेटणाऱ्या दोषांच्या खुणा पाहू.

चित्राच्या जागी रंगीत पट्टे दिसू लागणे किंवा ‘मीडिया ऑफलाइन’ अशी सूचना येणे, हा सर्वांत भीतिदायक वाटणारा आणि बहुधा सर्वांत सोपा दोष. कामाच्या फाईलमध्ये मूळ छायाचित्रे व चित्रण साठविलेले नसते. ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे याची केवळ नोंद असते. खतावणीत पावती चिकटविलेली नसते, तिचा क्रमांक असतो, तसेच हे. पेनड्राइव्ह काढून घेतला, फोल्डरचे नाव बदलले किंवा फाईल दुसऱ्या संगणकावर नेली, की नोंद उरते आणि पावती सापडत नाही. अशा वेळी नव्याने काम करू नये. मूळ फाईल कुठे आहे ते दाखवून दुवा जोडून द्यावा. एकाच फोल्डरमधील अनेक फाईल हरवल्या असतील, तर एकीचा पत्ता दिल्यावर बाकीच्या बहुधा आपोआप सापडतात. काम दुसरीकडे न्यायचे असल्यास आफ्टर इफेक्ट्समधील ‘कलेक्ट फाइल्स’ या सोयीने सर्व मूळ सामग्री एका फोल्डरमध्ये गोळा करावी.

दुसरा दोष खास आपल्या लिपीचा आहे. ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहिले असता ‘च्छ’ सुटा होतो, पहिल्या अक्षराची वेलांटी त्याच्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘क्क’ मध्ये हलन्त उघडा पडतो. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक ठेवून भागत नाही. ती जोडावी लागतात आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असली तरी लिहिताना आधी येते. हे ज्ञान मजकूर मांडणाऱ्या यंत्रणेस असावे लागते. प्रीमियर प्रोमध्ये आणि आफ्टर इफेक्ट्सच्या अनेक आवृत्त्यांत मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ असा पर्याय असतो. तो निवडून मजकूर पुन्हा टाकल्यास अक्षरे बहुधा सरळ होतात. आवृत्ती फारच जुनी असेल, तर मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नीट जुळवून पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र म्हणून आणावा.

फॉन्टचीही पारख हवी. छपाईच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग बनतो. युनिकोड मजकुराचे तसे होत नाही. ‘मुक्ता’, ‘बालू’ किंवा ‘नोटो’ हे विनामूल्य मिळणारे युनिकोड फॉन्ट नित्याच्या कामास पुरेसे आहेत. फॉन्ट निवडताना ‘व्यापाऱ्यांचे’ हा शब्द लिहून पाहावा. त्यातील ‘ऱ्य’ नीट उमटला तर मराठीची पहिली परीक्षा पार पडली. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी असतात, तीही पाहून घ्यावीत. अक्षरे एकेक करून प्रकट करण्याच्या तयार नमुन्यांत काना-मात्रा मूळ अक्षरापासून विलग होऊन नाचू लागतात. तिथे अक्षराऐवजी संपूर्ण शब्द हे एकक निवडावे. कुटुंबप्रमुखाचे नाव हजार लोकांकडे अशुद्ध रूपात पोचल्यावर ती फीत परत बोलावता येत नाही, हे लक्षात घेतल्यास या तपासणीस लागणारी दहा मिनिटे जड वाटू नयेत.

बोधचिन्हाभोवती दिसणारी पांढरी किंवा काळी कड हा तिसरा दोष. पारदर्शक चित्रासोबत कोणता भाग किती पारदर्शक आहे, याची एक गुप्त नोंद असते. कडेच्या बारीक ठिपक्यांत पार्श्वभूमीचा रंग आधीच मिसळून ठेवलेला आहे की नाही, याबाबत प्रोग्रॅमचा गैरसमज झाला, की ती कड उमटते. अशा वेळी ब्रश घेऊन कड पुसत बसू नये. त्या चित्राच्या माहितीत पारदर्शकतेचे ‘स्ट्रेट’ आणि ‘प्रीमल्टिप्लाइड’ असे दोन अर्थ दिलेले असतात. एकाच्या जागी दुसरा निवडून पाहावा. नोंद चुकीच्या बाजूस पडली असता ती योग्य बाजूस नेण्यासारखेच हे आहे. बोधचिन्ह मोबाईलवर आलेल्या जेपीजी चित्रातून घेतले असेल, तर मात्र त्यात पारदर्शकता नसतेच. छापखान्याकडून त्याची मूळ प्रत मागवावी.

चौथा दोष लग्नघरातील आहे. हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून मागाहून तो पडदा वाड्याने किंवा बागेने बदलण्याची पद्धत रूढ झाली आहे. संगणक हिरवा रंग शोधून तो नाहीसा करतो. पण मराठी नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो आणि अंगावर पुष्कळदा हिरवा शालू. पडद्यासोबत पदर जातो आणि मनगटाच्या जागी मागची झाडे दिसू लागतात. यावर संगणकात करण्याजोगे उपाय कष्टाचे आहेत: चुड्याभोवती आवरण आखून ते हाताच्या हालचालीसोबत हलवीत न्यावे लागते. खरा उपाय चित्रणापूर्वीचा आहे. अशा वेळी निळा पडदा लावावा, त्यावर सर्वत्र सारखा उजेड पाडावा आणि माणसे पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभी करावीत, म्हणजे पडद्याच्या रंगाची झाक कपड्यांवर येत नाही.

आवाज हळूहळू मागे पडणे हा पाचवा दोष. आरंभी ओठ आणि शब्द जुळतात, पण तासाभराच्या भाषणाच्या अखेरीस अंतर पडते. अनेक मोबाईल प्रत्येक सेकंदाला नेमकी तेवढीच चित्रे टिपीत नाहीत; उजेड व भार यांनुसार संख्या कमीजास्त होते. शिवाय ३० आणि २९.९७ या दोन प्रचलित मापांत गल्लत झाल्यास तासाला सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. व्याजाच्या दरातील शतांश फरक मुदतीअखेर जसा मोठा होऊन समोर येतो, तसाच हा. मधूनमधून आवाज कापून जुळवीत बसण्यापेक्षा ‘हँडब्रेक’ या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये चित्रणाची गती स्थिर करून घ्यावी आणि मगच काम आरंभावे.

चित्रात दिव्यांचे पट्टे लुकलुकताना दिसले, तर त्याचे कारण विजेत असते. भारतातील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास हा खेळ सहसा दिसत नाही. १/६० वर ठेवल्यास दिसू शकतो. हा दोष मागाहून पूर्णपणे घालविणे अवघड असते. त्याची काळजी मांडवातच घ्यावी लागते.

यंत्र मंदावणे आणि शेवटची फीत तयार होताना काम थांबणे, याचा हिशेब मांडून पाहिला तर आश्चर्य वाटणार नाही. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे एक चित्र पूर्ण उलगडले, तर सुमारे ८३ लाख बाइट, म्हणजे ८.३ एमबी जागा घेते. सेकंदाला २५ चित्रे धरल्यास एका सेकंदास सुमारे २०७ एमबी आणि एका मिनिटास जवळपास १२.४ जीबी लागतात. ८ जीबी स्मृतीच्या संगणकाने आपली सर्व स्मृती या एकाच कामास वाहिली, तरी तीत ४० सेकंदही मावत नाहीत. म्हणून काम चालू असताना निम्म्या किंवा पाव स्पष्टतेवर पाहावे, साठलेली तात्पुरती सामग्री म्हणजे कॅशे वेळोवेळी रिकामी करावी आणि डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवावी. काम प्रत्येक वेळी एकाच चित्रापाशी थांबत असेल, तर दोष त्या क्षणी येणाऱ्या लेयरमध्ये शोधावा. निरनिराळ्या ठिकाणी थांबत असेल, तर संशय स्मृती, उष्णता किंवा वीज यांच्यावर घ्यावा.

वीज जाणे ही गावाकडील नित्याची बाब. तीन तास चाललेले काम शेवटच्या पाच मिनिटांत वीज गेल्याने बुडू शकते, कारण अर्धवट राहिलेली एमपी४ फाईल बहुधा उघडतच नाही. त्यावर उपाय असा, की मोठे काम थेट चित्रफितीच्या रूपात न काढता क्रमांकित चित्रांच्या मालिकेत काढावे. ४,००० चित्रांपैकी ३,१५० तयार झाली असता वीज गेली, तर शेवटचे अर्धवट चित्र टाकून तेथूनच पुढे काम सुरू करता येते. मागाहून ती चित्रे व आवाज जोडून फीत बनविणे हे थोड्या वेळाचे काम असते. मुद्दल सुरक्षित ठेवण्याची ही रीत व्यापाऱ्यास वेगळी समजावून सांगावयास नको.

या सर्व खुणा एकत्र पाहिल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. दोष दिसतो पडद्यावर. पण पुष्कळदा तो पेरलेला असतो आरंभीच, आणि पेरणारा नेहमी संगणकावर बसलेला तरुण नसतो. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविली, की त्यांची स्पष्टता घटते. तीच डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हने दिल्यास घटत नाही. नावे फोनवरून सांगितली, की त्यांत चुका शिरतात. यजमानाने ती स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून दिल्यास शिरत नाहीत. मुहूर्ताच्या आदल्या सायंकाळी मजकूर बदलणारा यजमान दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याच्या पैशांतून काही रक्कम कापून घेतो, तेव्हा तो स्वतःच्या हातची चूक दुसऱ्याच्या खाती नावे टाकीत असतो. मालाची पत न पाहता कारागिरास दोष देणे कापडाच्या धंद्यात चालत नाही. येथेही चालू नये.

एक नुकसान मात्र कोणत्याही पद्धतीने भरून निघत नाही. पेढीच्या सुवर्णमहोत्सवासाठी वृद्ध संस्थापकांचे बोलणे कुणीतरी मोबाईलवर टिपते. त्यातील चार वाक्ये घेऊन सुरेख फीत तयार होते, सर्वांना आवडते आणि मोबाईलमधील जागा भरली म्हणून मूळ चाळीस मिनिटे पुसली जातात. पुढे वर्षा-दोन वर्षांनी ते गृहस्थ राहत नाहीत. नातवंडे जुने काम उघडतात, तेव्हा त्यांच्यापुढे केवळ रंगीत पट्टे येतात. नोंद आहे, क्रमांक आहे. पावती कायमची गेलेली आहे. आजोबांनी दुकान कसे मांडले, पहिली उधारी कुणी दिली, दुष्काळात काय केले, हे सारे त्या चाळीस मिनिटांत होते.

म्हणून काम पुरे झाल्यावर तयार फीत, कामाची फाईल, फॉन्ट आणि सर्व मूळ चित्रण यांचा एकच फोल्डर करावा. त्यावर साल व प्रसंग लिहावा. त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या डिस्कवर काढाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी, विवाहित मुलीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. वर्षातून एकदा, दिवाळीत नव्या वह्या उघडण्याच्या सुमारास, दोन्ही डिस्क लावून फाईल उघडतात की नाही ते पाहावे. जुन्या चोपड्या कपाटात नीट बांधून ठेवणाऱ्या घरांत या कामास एक अर्धा तास मिळणे अवघड नाही.